बाळंतपणाच्या रजेवरून परत आले आणि आता एचआर राजीनामा मागतंय, काय करू?

पत्र बरंच मोठं आहे, ओळख पटू नये म्हणून थोडक्यात देते. पुण्यातल्या एका आयटी कंपनीत सहा वर्षं नोकरी, शेवटची दोन वर्षं टीम लीड. पहिलं बाळंतपण, २६ आठवड्यांची रजा रीतसर मंजूर करून घेतलेली. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात टीम दुसऱ्याकडे गेलेली, हिला डॉक्युमेंटेशनचं काम, बसायची जागा पॅन्ट्रीच्या बाजूला. अप्रेजलमध्ये सगळ्यात खालचं रेटिंग. मग पीआयपी, म्हणजे सुधारणा करून दाखवा नाहीतर बघू असा कागद. आणि आता एचआर म्हणतंय की शुक्रवारपर्यंत स्वतःहून राजीनामा दिलास तर दोन महिन्यांचा पगार देऊ, रेकॉर्ड स्वच्छ राहील. नवरा म्हणतो सोडून दे, वकिलांचे पैसे आणि कोर्टाच्या फेऱ्या आपल्याला झेपायच्या नाहीत. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, "मावशी, माझंच काही चुकलं का?"

नाही गं बाई, तुझं काही चुकलेलं नाही. हे आधी सांगते कारण पूर्ण पत्रात तू तीन वेळा माफी मागितल्यासारखं लिहिलंयस.

सही करू नकोस, एवढं तुला त्याच रात्री दोन ओळींत कळवलं होतं. तू केली नाहीस आणि त्यांनी लगेच मुदत महिनाअखेरपर्यंत वाढवून दिली. यावरून काय दिसतं बघ, तुझ्या सहीची गरज त्यांना आहे. काढून टाकायचं पत्र द्यायला त्यांना सोपं असतं तर ते कधीच दिलं असतं, पण तसं पत्र दिलं की त्यात कारण लिहावं लागतं, ते कारण कोर्टात टिकवावं लागतं. राजीनाम्यात कारण तू लिहितेस, "वैयक्तिक कारणास्तव". एकदा तो कागद त्यांच्या फाइलला लागला की जबरदस्तीने लिहून घेतला हे सिद्ध करायचं ओझं तुझ्या डोक्यावर येतं आणि ते फार अवघड जातं. मी वकील नाही, आधी वीस वर्षं एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते आणि आता विधी सेवा प्राधिकरणात, म्हणजे मोफत वकील मिळवून देणाऱ्या सरकारी संस्थेत, स्वयंसेवक म्हणून बसते, तिथे येणाऱ्या दहा बायकांतल्या निम्म्या तरी राजीनामा देऊन मग येतात. तू आधी लिहिलंस, फार बरं केलंस.

आता कायदा काय म्हणतो ते. बाळंतपणाच्या रजेचा १९६१चा कायदा आपल्याला माहीत आहे, २०१७ला त्यात रजा २६ आठवड्यांची झाली. २१ नोव्हेंबर २०२५पासून नवे लेबर कोड, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे, लागू झाले आणि तो कायदा त्यातल्या सोशल सिक्युरिटी कोडमध्ये गेला, पण घाबरू नकोस, आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की रजा पगारी, हे सगळं तसंच आहे, फक्त कलमांचे नंबर बदलले. तुझ्या कामाचं आहे कलम ६८. त्यात आहे की बाई या रजेवर असताना किंवा या रजेच्या कारणामुळे तिला कामावरून काढणं बेकायदेशीर, आणि तिच्या नोकरीच्या अटी तिचं नुकसान होईल अशा बदलणं पण बेकायदेशीर. "रजेच्या कारणामुळे" हे शब्द नीट वाच, कारण एचआरवाले हमखास सांगतात की रजा तर संपली, आता तो कायदा लागू नाही. रजा संपली तरी रजेचा सूड उगवता येत नाही.

आणि इथेच तुझ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट येते, जी तू अगदी जाता जाता लिहिलीस. अप्रेजलच्या फॉर्ममध्ये मॅनेजरने शेऱ्यात लिहिलंय की "रजेमुळे वर्षातला बराच काळ उपलब्ध नव्हती". अगं हे त्याने स्वतः लिहून दिलंय! इतर बायकांना हे सिद्ध करायला वर्षं जातात, की आपल्याला कमी रेटिंग कामामुळे नाही, रजेमुळे मिळालं. तुझ्याकडे ते कंपनीच्याच फॉर्मवर आहे, तारखेसकट. त्याच रेटिंगवर पीआयपी उभं आहे आणि पीआयपीवर राजीनाम्याची मागणी उभी आहे, म्हणजे पूर्ण साखळीची पहिली कडी रजा आहे. तो फॉर्म आजच्या आज प्रिंट काढून घरी ठेव, पोर्टलवर असेल तर पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट, वरची तारीख आणि तुझं नाव दिसेल असा. असे शेरे नंतर एडिट झालेले मी पाहिलेत.

पण एक सांभाळ. घाबरून ऑफिसचे सगळे मेल जीमेलवर फॉरवर्ड करू नकोस. क्लायंटचा डेटा, कोड, दुसऱ्यांचे मेल यातलं एक जरी बाहेर गेलं तर उद्या तेच तुझ्यावर उलटवतील, गोपनीयतेचा भंग म्हणून, आणि मग मूळ विषय बाजूलाच राहील. तुझे स्वतःचे कागद घे. अपॉइंटमेंट लेटर, टीम लीड केल्याचं पत्र, रजा मंजूर केल्याचा मेल, आधीच्या वर्षांची चांगली अप्रेजल्स (ही फार कामाला येतात, पाच वर्षं चांगली असणारी बाई बाळ झाल्यावर एकदम नालायक कशी झाली हे त्यांना सांगावं लागेल), पगाराच्या स्लिपा, पीआयपीचा कागद. व्हॉट्सॲपवर मॅनेजरचे मेसेज असतील तर ते डिलीट करू नकोस आणि तो फोनसुद्धा विकू नकोस. २०२४च्या जुलैपासून पुराव्याचा नवा कायदा आलाय, त्यात कलम ६३प्रमाणे अशा मेसेजसोबत सर्टिफिकेट जोडावं लागतं, ते वकील करून घेतो, पण मूळ फोन असला की कुणी शंका काढत नाही.

तोंडी जे बोलतात त्याचं काय, असं तू विचारलंयस. एचआर मुद्दाम तोंडीच बोलतं, मीटिंगला कागद नसतो. त्यावर उपाय एकच, मीटिंग संपली की जागेवर येऊन लगेच मेल टाकायचा. भांडायचं नाही, आरोप नाहीत, साध्या भाषेत, की आज सकाळी ११ वाजता अमुक अमुक यांच्यासोबतच्या मीटिंगमध्ये मला महिनाअखेरपर्यंत राजीनामा द्यायला सांगण्यात आलं, मी राजीनामा द्यायला तयार नाही, माझ्या समजण्यात काही चूक असेल तर कृपया कळवावं. बस. त्यांनी उत्तर दिलं तरी तुझा फायदा आणि नाही दिलं तरी तुझाच फायदा. पीआयपीवर सही मागितली तर "मिळालं, मजकूर मान्य नाही" असं हाताने लिहून तारीख टाकून सही कर. आणि पीआयपीत दिलेलं काम मात्र मन लावून कर, वेळेवर कर, केल्याचा मेल टाक. रागाने ऑफिसला जायचं बंद केलंस तर नोकरी सोडून गेली म्हणून मोकळे होतील.

याच्यासोबत एक वही कर. चाकणच्या बाजूला एका सुट्या भागांच्या कारखान्यात काम करणारी एक बाई आमच्याकडे आली होती, बाळंतपणानंतर तिला लाइनवरून काढून पॅकिंगला टाकलेलं, पगारातला एक भत्ता बंद. शिक्षण आठवीपर्यंत, मेल वगैरे काही नाही. वकीलबाईंनी विचारलं, काही लिहून ठेवलंय का? तर तिने पिशवीतून दुधाच्या हिशोबाची वही काढली. पुढून बघितली तर अर्धा लिटर म्हैस, एक लिटर गाय, खाडा. उलटी करून मागून उघडली तर तारीखवार नोंदी. अमुक तारीख, दुसरी पाळी, सुपरवायझर म्हणाले तू आता बाळाचं बघ, लाइन तुला जमायची नाही, तेव्हा शेजारी कोण उभं होतं तिचं नाव. वहीच्या कडा पिवळ्या झालेल्या हळदीच्या हातांनी. पुढे कंपनीने लेखी म्हणणं दिलं की बदली तिनेच मागून घेतली, तेव्हा त्याच दिवशीची नोंद त्या वहीत होती आणि शेजारच्या बाईनेही तेच सांगितलं. कंपनीने तडजोड केली, तिला तिची लाइन परत मिळाली आणि भत्ताही. मी ती वही हातात घेऊन किती वेळ बसले होते. तर तू पण कर, त्या त्या दिवशी लिही, नंतर आठवून एकदम लिहिलेलं कळतं.

आता पैशांचं, कारण तुझ्या नवऱ्याची काळजी मला खोटी वाटत नाही. ईएमआय आहे, बाळ आहे, माणूस घाबरणारच. पण त्याला हे वाचायला दे. बाईला मोफत वकील मिळतो. उत्पन्न कितीही असलं तरी. १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, त्याच्या कलम १२मध्ये यादी आहे, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, महिला, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि इतर काही, यांना उत्पन्नाची अट नाही. तू आयटीत आहेस, पगार चांगला आहे म्हणून तुला नाही असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. वकिलाची फी, कोर्ट फी, कागद तयार करण्याचा, टायपिंगचा खर्च, सगळं त्यात येतं, आणि पॅनेलवरच्या वकिलाने तुझ्याकडे वेगळे पैसे मागायचे नसतात, मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी सांग, वकील बदलून मिळतो. आणि मोफत म्हणजे कसला तरी वकील असणार असंही लोकांना वाटतं. काही ठिकाणी कंटाळा करणारे भेटतात, खोटं कशाला सांगू, पण मी ज्या वकीलबाईंबद्दल वर लिहिलं त्या पॅनेलवरच्याच होत्या आणि त्यांनी ती वही अक्षर न् अक्षर वाचली.

कुठे जायचं तर शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. तालुक्याला राहणाऱ्यांसाठी तालुका कोर्टात समिती असते. अर्ज साधा आहे, मराठीत चालतो, आधार कार्ड ने आणि कागदांच्या झेरॉक्स ने. मूळ कागद कुणालाच देऊ नकोस, वकिलालासुद्धा नाही, दाखव आणि परत घे. जाता येत नसेल तर १५१०० हा हेल्पलाइन नंबर आहे, पूर्ण देशात चालतो.

आता सगळ्यांनाच लागू होईल असं एक कडू सत्य. प्रायव्हेट कंपनीत कुठल्याही प्रकारचा भेदभाव करायचा नाही असा एकच मोठा कायदा आपल्याकडे नाहीये. घटनेतलं समानतेचं कलम मुख्यतः सरकारला बांधतं. एअर इंडियात पूर्वी नियम होता की पहिल्यांदा गरोदर राहिली की हवाई सुंदरीची नोकरी संपली, त्यावर नर्गेश मिर्झा यांची केस झाली आणि १९८१मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नियम रद्द केला, स्त्रीत्वाचा अपमान आहे असं म्हटलं. पण एअर इंडिया तेव्हा सरकारी होती म्हणून तो रस्ता मिळाला. प्रायव्हेटमध्ये मात्र दार कुठलं ते आधी शोधावं लागतं. बाई आणि पुरुषाला सारख्या कामाला वेगळा पगार असेल तर वेतन संहिता, दिव्यांगांसाठी २०१६चा कायदा आणि त्यांचं आयुक्तालय पुण्यातच आहे, एचआयव्ही असलेल्या माणसाला त्या कारणाने काढलं तर २०१७चा कायदा आणि तो प्रायव्हेटलाही लागू, जातीवरून अपमान केला तर ॲट्रॉसिटी. महाराष्ट्रात दुकाने आणि आस्थापनांचा २०१७चा कायदा आहे, त्यातही भरती, ट्रेनिंग, बदली, बढती आणि पगार यात बाईशी भेदभाव करायचा नाही असं आहे, तुझ्या वकिलाला हे पण बघायला सांग. मॅनेजरचे शेरे अंगाबद्दल, दूध पाजण्याबद्दल घाणेरडे असतील तर ते कंपनीच्या अंतर्गत समितीकडे, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या समितीकडे जातं, त्याला तीन महिन्यांची मुदत असते. तू तसं काही लिहिलेलं नाहीस, पण कधी कधी बायका पत्रात लिहीत नाहीत म्हणून सांगून ठेवते.

तुझं दार म्हणजे कामगार आयुक्तांचं कार्यालय. तिथे लेखी तक्रार द्यायची, नवीन कोडमध्ये लेबर इन्स्पेक्टरला इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर असं लांब नाव दिलंय, काम तेच, तो कंपनीला बोलावून विचारू शकतो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय कागद त्यांच्या हातात देऊ नकोस. आणि समजा त्यांनी खरंच काढून टाकल्याचं पत्र दिलं तर त्या दिवसापासून ६० दिवस मोजायला लाग, कलम ६८खाली अपील त्या मुदतीत करावं लागतं. बायका या ६० दिवसांत दुसरी नोकरी शोधतात, देव देव करतात आणि मग येतात तेव्हा ७५वा दिवस असतो.

कंपनीचा वकील एक मुद्दा नक्की काढेल, की ही टीम लीड होती, मॅनेजमेंटमध्ये होती, कामगार नाही. त्याला बिचकू नकोस. एक तर बाळंतपणाचं संरक्षण हुद्दा बघून मिळत नाही, ट्रेनी असो की मॅनेजर. २०००मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांनाही हा हक्क दिलाय. दुसरं म्हणजे कामगार आहे की नाही हे व्हिजिटिंग कार्डवरच्या नावावर ठरत नाही, दिवसभर प्रत्यक्ष काय काम करतेस त्यावर ठरतं. तू लिहिलंयस की लीड असताना पण स्वतः कोड लिहायचीस आणि कुणाची रजा मंजूर करायचा सुद्धा अधिकार नव्हता. हे वकिलाला पहिल्या भेटीतच सांग, कामगार ठरलीस तर आणखी रस्ते उघडतात.

आणि ते "दोन महिन्यांचा पगार देऊ" याचा हिशोब मांडूया, मला त्याचा फार राग आलाय. तुझ्या पत्रात नोटीस पिरियड दोन महिन्यांचा आहे असं तूच लिहिलंयस. मग ते देतायत काय? तुझा नोटीसचा पगारच तुला बक्षीस म्हणून दाखवतायत. शिवाय पाच वर्षांच्या वर नोकरी झाली म्हणजे ग्रॅच्युइटी तुझी आहेच, राजीनामा दिलास तरी आणि काढलं तरी. दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिन्याचे दिवस २६ धरून. समजा ज्या पगारावर ती मोजतात तो ३०,००० असेल तर सहा वर्षांचे एक लाख तीन हजारांच्या वर होतात. बाळंतपणाची रजा म्हणून मधले सहा महिने कापता येत नाहीत, २६ आठवड्यांपर्यंतची ही रजा सलग नोकरीतच धरायची असते. तर ग्रॅच्युइटी, शिल्लक रजांचे पैसे, पीएफ हे सगळं "पॅकेज"मध्ये घुसडून मोठा आकडा दाखवला तर फसू नकोस, ते आधीपासून तुझंच आहे, त्यावर ते काय जास्त देतात ते विचार.

हे एवढ्यासाठी सांगतेय की शेवटपर्यंत लढच असं मी तुला म्हणणार नाही. लेबर कोर्टात वर्षं जातात, हे खरं आहे आणि नवरा म्हणतो त्यातलं तेवढं बरोबर आहे. तुला तिथे रोज पॅन्ट्रीजवळ बसून अपमान गिळायचा नसेल आणि तडजोड करून निघायचं असेल तर तोही तुझा हक्क आहे, कुणी तुला घाबरट म्हणणार नाही, मी तर नाहीच. पण निघायचं तर वकिलाला बाजूला बसवून, आकडा तुझा, रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाच्या पत्रातला मजकूर आधी ठरवून, पैसे कोणत्या तारखेला ते लिहून. पुष्कळदा वकिलाची एक नोटीस गेली की कंपनीचा सूर बदलतो, कारण त्यांच्या कायद्याच्या डिपार्टमेंटला तो अप्रेजलमधला शेरा वाचल्यावर कळतं आपण कुठे उभे आहोत ते. आणि नोकरीत राहायचं ठरवलंस तर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन नर्सिंग ब्रेक तुझे आहेत, ५० किंवा जास्त लोक असतील तर पाळणाघराची सोय कंपनीने करायची आहे आणि तिथे दिवसातून चार वेळा जाता येतं. तू लिहिलंस की दूध काढायला टॉयलेटमध्ये जाऊन बसते, ते वाचून माझ्या पोटात कालवलं. याची पण लेखी मागणी कर, मेलवर.

सासूबाईंना सांग की सोमवारी बाळाला दोन-तीन तास बघा, नाहीतर सोबतच घेऊन ये, आमच्या प्राधिकरणाच्या ऑफिसातल्या बाकावर कितीतरी बाळं झोपलेली असतात. अर्धा दिवस रजा टाक, मेलवर. साडेदहाला ये म्हणजे गर्दीच्या आधी नंबर लागतो. फाइलमध्ये सगळ्यात वर तो अप्रेजलचा फॉर्म ठेव.